रोजच्या कामातील लिनक्स

भिवंडीतील यंत्रमागाच्या कारखान्याचे, साइझिंगचे किंवा काल्हेर, पूर्णा, राहनाळ परिसरातील एखाद्या गोदामाचे कार्यालय साधारणपणे एकाच धाटणीचे असते. टेबलावर एक संगणक, शेजारी बिले आणि बिल्टी छापणारा प्रिंटर आणि मागच्या कपाटात दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाच्या फायली. हा संगणक बिघडलेला नसतानाही तो बाद ठरण्याची वेळ अलीकडे आली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी एका वर्षाची सवलत जाहीर झाली, एवढेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे प्रोसेसर लागतात. त्याआधीचे यंत्र कितीही चांगले चालत असले, तरी नव्या आवृत्तीच्या दृष्टीने ते अपात्र ठरते.

अशा संगणकाच्या मालकापुढे तीन मार्ग असतात. नवा संगणक घेणे, सुरक्षा सुधारणांविना जुन्याच प्रणालीवर काम रेटणे किंवा त्याच यंत्रावर लिनक्स बसविणे. तिसऱ्या मार्गाची चर्चा बहुधा 'फुकट' या एका शब्दापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक रोजच्या वापरात, तोही वर्षानुवर्षे, लिनक्सचा लाभ आणि त्याच्या अडचणी या दोन्ही गोष्टी निराळ्याच ठिकाणी आढळतात. यंत्राचे आयुष्य किती वाढते आणि साठविलेल्या नोंदी वीस वर्षांनी वाचता येतात की नाही, हे खरे प्रश्न होत.

लिनक्स म्हणजे काय

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे इंटरनेटवर जाहीर केले. त्याने लिहिलेला भाग म्हणजे कर्नेल, अर्थात यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये काम करणारा गाभा. त्याभोवतीची अनेक साधने मात्र रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पात आधीच तयार होत होती. या प्रकल्पाच्या जीपीएल परवान्यानुसार सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा स्रोत पाहण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला मिळते. हाच परवाना १९९२ मध्ये लिनक्सच्या कर्नेलला लागू झाला.

कर्नेल, ही साधने, खिडक्या-मेनू दाखविणारे डेस्कटॉप आणि नित्याची सॉफ्टवेअर यांचा एकत्र संच करून दिला जातो. त्याला 'डिस्ट्रो' म्हणतात. डेबियन १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्यावर आधारलेली उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये आली, तर लिनक्स मिंट २००६ मध्ये. केडीई आणि ग्नोम हे दोन प्रमुख डेस्कटॉप प्रकल्प अनुक्रमे १९९६ आणि १९९७ मधील आहेत.

भारतातील टेबलांवर लिनक्स पोहोचले ते मुख्यतः सीडीच्या रूपाने. 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. 'लिनक्स फॉर यू' हे स्वतंत्र मासिक २००३ मध्ये निघाले. इंटरनेट मंद आणि महाग असलेल्या त्या काळात उबुंटूची सीडी मागणी नोंदविल्यास टपालाने घरपोच विनामूल्य येत असे. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. पुणे आणि मुंबई येथील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनी याच काळात महाविद्यालयांतून प्रात्यक्षिके घेतली.

वीज आणि फाइलींची सुरक्षितता

भिवंडीत संगणक वापरणाऱ्यास विजेचा विचार करावाच लागतो. दीर्घ भारनियमनाचा काळ शहराने अनुभवला. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने येथील वीजवितरणाचे काम फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे सोपविले. देशातील या प्रकारचा तो पहिला मोठा प्रयोग मानला जातो. भारनियमनाच्या त्या दिवसांत लिनक्सची एक उणीव वापरकर्त्यास चांगलीच जाणवत असे. त्या वेळच्या ईएक्सटी२ या फाइलव्यवस्थेत लेखन चालू असताना वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना संगणक संपूर्ण डिस्क तपासत बसे आणि मोठ्या डिस्कवर या कामास बराच वेळ लागे.

नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नेलमध्ये समाविष्ट झालेल्या ईएक्सटी३ ने यात बदल घडविला. या व्यवस्थेत डिस्कवर करावयाच्या बदलांची नोंद आधी एका रोजनाम्यात होते आणि मग प्रत्यक्ष बदल होतो. मध्येच वीज गेल्यास पुन्हा सुरू होताना संगणक तेवढा रोजनामा वाचून अपुरी नोंद पूर्ण करतो किंवा सोडून देतो. व्यापाऱ्याच्या वहीशी परिचित असलेल्यास हे तत्त्व चटकन समजावे. डिसेंबर २००८ पासून स्थिर मानली गेलेली ईएक्सटी४ ही तिची सुधारित आवृत्ती आजही बहुतेक डिस्ट्रोंमध्ये वापरली जाते.

मात्र रोजनाम्यामुळे वाचते ती डिस्कवरील फाइलींची रचना. जतन न केलेले पत्र किंवा अर्धवट भरलेला तक्ता त्यामुळे परत मिळत नाही. दहा-पंधरा मिनिटे चालणारा यूपीएस आणि आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घेतलेली प्रत, या दोन गोष्टींना कोणत्याही प्रणालीत पर्याय नाही.

एक संगणक, अनेक लिप्या

यंत्रमागाच्या उद्योगामुळे भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. एकाच कार्यालयात मराठीतील अर्ज, उर्दूतील निमंत्रणपत्रिका आणि इंग्रजीतील बिल तयार होणे येथे नवलाचे नाही. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे खाते वेगळ्या भाषेत ठेवता येते. त्यामुळे एकाच यंत्रावर एकास मराठी, तर दुसऱ्यास उजवीकडून डावीकडे जाणारा उर्दू डेस्कटॉप मिळू शकतो.

ही सोय आपोआप झालेली नाही. सन २००० च्या सुमारास सुरू झालेल्या 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी प्रकल्पाने भारतीय भाषांतील डेस्कटॉपचे काम हाती घेतले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. या कंपनीच्या पुणे येथील कार्यालयातून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवादाचे काम झाले. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडविलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्टही सर्वांसाठी खुले झाले. डेस्कटॉपचा अनुवाद बहुतांशी स्वयंसेवकांवर अवलंबून असल्याने नव्या आवृत्तीतील काही मजकूर इंग्रजीतच दिसतो, ही गोष्ट मात्र गृहीत धरावी लागते.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक उपलब्ध आहेत. मराठीपुरत्या काही बारीक गोष्टीही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून ते लिहिले जाई. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसले, तरी संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात. त्यामुळे जुन्या यादीत नव्या पद्धतीने नाव शोधल्यास ते न सापडण्याचा संभव असतो. तसेच मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील, तर मजकुराची भाषा 'हिंदी' न ठेवता 'मराठी' अशी निवडावी. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असल्यास योग्य वळण त्यावरून निवडले जाते.

मोठा प्रश्न आहे तो जुन्या फायलींचा. महाराष्ट्रातील कार्यालयांतून आणि डीटीपी केंद्रांतून अनेक वर्षे श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये मजकूर तयार झाला. अशा फायलीत देवनागरी अक्षरे नसतातच. असतात ती रोमन अक्षरांची स्थाने, ज्यांवर फॉन्ट देवनागरी आकार चढवितो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. उर्दूतील इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांमधील फायलींची स्थितीही अशीच आहे. हा दोष लिनक्सचा नव्हे. नव्या विंडोज संगणकावरही तो फॉन्ट नसेल, तर हेच घडते. परंतु प्रणाली बदलताना तो प्रथम उघड होतो. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोडचे मानक २००९ मध्ये स्वीकारले. आपल्या संग्रहातील महत्त्वाचे करारनामे, पावत्या आणि सभांची इतिवृत्ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे, हे काम प्रणाली बदलण्यापूर्वीच करावे.

हिशेब, जीएसटी आणि प्रिंटर

छोट्या कार्यालयात लिनक्सची खरी परीक्षा होते ती हिशेबाच्या टेबलावर. सर्वाधिक परिचित असलेले टॅली हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'वाइन' या मुक्त प्रकल्पाच्या साहाय्याने विंडोजची अनेक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात. मात्र ज्या कामावर कराचे विवरणपत्र अवलंबून आहे, ते अशा अनधिकृत व्यवस्थेवर सोडणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी हिशेबापुरता एक विंडोज संगणक ठेवून उरलेले संगणक लिनक्सवर नेणे, हा व्यवहार्य तोडगा ठरतो.

दुसरा पर्याय ब्राउझरमधून चालणाऱ्या हिशेबप्रणालीचा. मुंबईतील 'फ्रॅपे' या कंपनीने विकसित केलेली 'ईआरपीनेक्स्ट' ही मुक्त स्रोत प्रणाली हिशेब, माल-साठा आणि उत्पादन या तिन्ही गोष्टी सांभाळते आणि तिच्यात जीएसटीची सोय करता येते. ती बसविण्यास जाणकाराची मदत लागते आणि वर्षानुवर्षांच्या सवयी बदलाव्या लागतात, हा तिचा खर्च होय.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीची विवरणपत्रे आणि त्यानंतर आलेले ई-वे बिल ब्राउझरमधून भरता येते. त्यामुळे हे काम लिनक्सवरील फायरफॉक्समध्येही होते. अडचण येते ती दोन ठिकाणी. काही ऑफलाइन साधने विंडोज किंवा एक्सेलच्या मॅक्रोंवर अवलंबून असतात आणि डिजिटल स्वाक्षरीच्या प्रत्येक यूएसबी टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळेलच असे नाही. टोकन घेण्यापूर्वी ही चौकशी करणे अगत्याचे आहे.

प्रिंटरचीही तीच गोष्ट. लिनक्सवरील छपाईची जबाबदारी 'कप्स' या व्यवस्थेकडे असते. बिल्टी आणि चलनाच्या कार्बन प्रती काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे सर्वसाधारण ड्रायव्हर तिच्यातच असतात. जाळ्याला जोडले जाणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरविना चालतात. उलट काही स्वस्त लेझर प्रिंटर कंपनीच्या खास भाषेतच काम करतात आणि त्यांच्यासाठी बरीच खटपट करावी लागते. कोरलड्रॉवर चालणारे छपाईचे काम किंवा कापडाच्या डिझाइनची विंडोजसाठी बनलेली खास सॉफ्टवेअर ज्यांच्या व्यवसायाचा कणा आहेत, त्यांनी संपूर्ण बदलाचा आग्रह धरू नये. इंकस्केप आणि गिम्प ही मुक्त साधने समर्थ आहेत, पण ग्राहकाने दिलेली कोरलची फाइल त्यांत जशीच्या तशी उघडेल याची खात्री नसते.

आवृत्ती कोणती निवडावी

दीर्घकाळ वापरायच्या संगणकावर नवनवीन आवृत्त्यांचा सोस टाळावा. उबुंटूची दीर्घ साहाय्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य नोंदणी केल्यास हा काळ दहा वर्षांपर्यंत जातो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीलाही एकंदर सुमारे पाच वर्षे साहाय्य मिळते. लिनक्स मिंटची मुख्य मालिका उबुंटूच्या दीर्घ आवृत्तीवरच बेतलेली असते आणि विंडोजची सवय असलेल्यास तिची मांडणी ओळखीची वाटते. फेडोराच्या एका आवृत्तीचे आयुष्य मात्र सुमारे १३ महिन्यांचे असते. नव्या गोष्टी लवकर हव्या असणाऱ्यांसाठी ती योग्य, गोदामाच्या कार्यालयासाठी नव्हे.

जुन्या यंत्रालाही मर्यादा असते. चार जीबी मेमरी आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असल्यास दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक एक्सएफसीई सारख्या हलक्या डेस्कटॉपवर नित्याचे काम नीट करतो. केवळ ३२ बिटांच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या यंत्रांचा काळ मात्र सरला आहे. उबुंटूने त्यांच्यासाठीचे संच पूर्वीच बंद केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तेथेही त्यांच्यासाठी इन्स्टॉलर राहिलेला नाही.

वापरकर्त्याची सर्व कागदपत्रे आणि सॉफ्टवेअरच्या आवडीनिवडी 'होम' या एकाच विभागात राहतात. हा विभाग डिस्कवर स्वतंत्र ठेवला, तर प्रणाली नव्याने बसवितानाही त्याला हात लावावा लागत नाही. यंत्र बदलले, तरी हा विभाग उचलून नव्या यंत्रावर नेता येतो. वर्षानुवर्षे लिनक्स वापरणाऱ्यांच्या दृष्टीने या प्रणालीचा हा सर्वांत मोलाचा गुण ठरतो.

इतरांचा अनुभव

मोठ्या संस्थांच्या अनुभवातून दोन्ही प्रकारचे धडे मिळतात. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. तरीही २०१७ मध्ये तेथील नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. इतर कार्यालयांशी फायलींची देवघेव, विंडोजवरच चालणारी विशेष सॉफ्टवेअर आणि राजकीय मतभेद ही कारणे त्यामागे चर्चिली गेली.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने वेगळा क्रम निवडला. त्यांनी २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस आणले, २००६ मध्ये फायरफॉक्स दिले आणि कर्मचारी या साधनांना सरावल्यावर २००८ पासून उबुंटू बसविण्यास आरंभ केला. आज तेथील बहुसंख्य संगणक लिनक्सवर आहेत. आपल्याकडे केरळमधील सरकारी शाळांत दोन दशकांपासून लिनक्सवर शिक्षण चालते. आयुर्विमा महामंडळाच्या शाखांतील टेबलांवरही रेड हॅट लिनक्सचा वापर झाला आहे. हप्ता भरावयास गेलेल्या अनेकांनी तो पडदा पाहिला असेल, नाव तेवढे ठाऊक नसेल. सीडॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय डिस्ट्रो आणली आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

या सर्वांनंतरही डेस्कटॉपवरील लिनक्सचा वाटा लहानच आहे. संकेतस्थळांच्या भेटींवरून अनुमान काढणाऱ्या 'स्टॅटकाउंटर'च्या मोजणीत जागतिक पातळीवर त्याने चार टक्क्यांचा टप्पा ओलांडला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. याचा व्यवहारातील अर्थ असा, की कोपऱ्यावरच्या दुरुस्ती करणाऱ्याला लिनक्स येईलच असे नाही.

सुरक्षितता आणि सुरुवात

पेनड्राइव्हवरून पसरणारे विंडोजचे बहुतेक व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत. ही प्रणाली अभेद्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट पेरल्याचे उघडकीस आले. स्रोत खुला असल्यामुळे तिचा माग लागला, परंतु दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून ती पेरली गेली होती, हेही तितकेच खरे. सुधारणा नियमित घेणे आणि सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या अधिकृत भांडारातूनच बसविणे, हे दोन नियम पाळल्यास बराच धोका टळतो.

ज्यांना हा बदल करून पाहावयाचा आहे, त्यांनी जाँदार्मरीचाच क्रम अनुसरावा. प्रथम आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरून काही आठवडे काम करावे. नवी कागदपत्रे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात आणि युनिकोडमध्ये जतन करावीत. दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रत घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे पाहावे. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. या पद्धतीत काहीही न बसविता प्रिंटर, वायफाय, स्कॅनर आणि स्वाक्षरीचे टोकन तपासता येते. सर्व जुळल्यावरच एका संगणकावर, तोही हिशेबाचा सोडून, प्रणाली बसवावी आणि तिमाहीचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात हे काम काढू नये.

शिकण्याची सोयही मराठीत आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध केले आहेत. एका वेळी एक पाठ पाहून तो लगेच करून पाहणे, अशी त्यांची रचना आहे. कार्यालयातील एकाने जरी ते पूर्ण केले, तरी प्रत्येक लहानसहान अडचणीसाठी बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. लिनक्सवर टिकून राहणाऱ्या आणि सहा महिन्यांत कंटाळून परत फिरणाऱ्या कार्यालयांतील फरक बहुतेक वेळा असा एक माणूस असण्या-नसण्याचाच असतो.